गच्चीवरचं विमान, रानातली धावपट्टी

मुंबईतल्या फणसवाडीत स्कूटर लावायला जागा मिळत नाही. तिथे कुणी स्वस्तातलं विमान निवडू लागलं तर अख्खी चाळ हसेल. पण कांदिवलीच्या चारकोपात वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलंच. २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात प्रदर्शनात मांडलं गेलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली.

विमान बांधायचं नाही, विकत घ्यायचं आणि रानातल्या गवताळ पट्टीवर उतरायचं तर पारख वेगळी. तिथे सुसाट वेग नको, मंद वेगातही तरंगणं हवं. म्हणून १९४९ पासूनचं दोन आसनी पायपर सुपर कब अजून लाडकं, आणि त्यामुळेच महाग! चौघांना जायचं असेल तर १९४८ ते १९५६ दरम्यान निघालेलं सेसना १७० बघावं. दोन्हींचं तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे पंखा दगडगोट्यांपासून उंच राहतो.

पुढे विमा, हँगरचं भाडं आणि इंजिनाची फेरबांधणी यांचा खर्च आहेच.