ओळखा पाहू, यातला निमो कोण?

खोपट म्हटलं की काय आठवतं? एसटी स्टँड, हॉर्नचा कल्लोळ, रिक्षांची रांग. समुद्र तर नक्कीच नाही! पण परवा स्टँडजवळच्याच एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, मी चक्क अर्धा तास समुद्राकडे बघत बसले. तीन फुटी काचेचा समुद्र आणि आत नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे मिरवणारे दोन मासे.

‘निमो ना रे?’ मी विचारलं.

‘निमो काय! पर्क्युला आहे. अंदमानचा, ओरिजिनल. जादा पैसे मोजलेत,’ मित्र ऐटीत म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या काकू हसल्या. ‘मला तर बाई सगळे सारखेच दिसतात.’

काकूंचं काही चुकलं नाही. ऑसेलारिस आणि पर्क्युला हे क्लाउनफिश सख्ख्या भावांसारखे दिसतात. फरक बारीक आहे. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांना बहुतेक वेळा जाड काळी किनार असते, ऑसेलारिसची किनार पातळ, कधी नसतेच. पर्क्युलाची बुबुळं चमकदार नारिंगी, ऑसेलारिसची राखाडी छटेची. पण हे दोन्ही पुरावे कच्चे. पक्का पुरावा पाठीवरच्या पंखात असतो. पुढच्या भागातले टणक काटे मोजा: ऑसेलारिसला साधारण 11, पर्क्युलाला 10. मासा बाहेर काढायचा नाही हं! पंख उभारला की मोबाइलवर फोटो काढायचा आणि झूम करायचा.

आम्ही तेच केलं. विसाव्या फोटोत जमलं. एक, दोन, तीन... अकरा! दुसऱ्यालाही अकरा. मित्राचा चेहरा पडला.

खरं तर काटे मोजायचीही गरज नव्हती. अंदमान-निकोबारच्या समुद्रात सापडतो तो ऑसेलारिस. पर्क्युलाचं घर न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियाचा क्वीन्सलँड किनारा. म्हणजे ‘अंदमानचा पर्क्युला’ ही थापच! गंमत म्हणजे 2003 च्या ‘फाइंडिंग निमो’तही हाच घोळ आहे. निमोचा चेहरा ऑसेलारिसचा आणि पत्ता ग्रेट बॅरियर रीफचा, म्हणजे पर्क्युलाचा.

पण मला टोचली ती वेगळीच गोष्ट. ‘अंदमानचा’ हा शब्द खरा असेल, तर हे दोघं कुणाच्या तरी जाळ्यातून इथे आलेत. तेही मुळीच गरज नसताना, कारण क्लाउनफिश टाकीत सहज अंडी घालतात. नर पाखडून-निवडून त्यांची राखण करतो आणि आठवडाभरात पिल्लं बाहेर येतात. खोपटहून फार लांब जायला नको, ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली गाठा. तिथल्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने अशा शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभारली आहे. टाकीत जन्मलेली पिल्लं टाकीतल्या आयुष्याला सरावलेलीही असतात.

तेव्हा दुकानात गेलात, तर आधी ‘ओरिजिनल आहे का?’ विचारू नका. ‘कुठे जन्मला?’ विचारा. काटे काय, घरी येऊनही मोजता येतात!

मित्राने टाकीवरची ‘पर्क्युला’ची चिठ्ठी काढली. काकूंनी मात्र दोघांना एकच नाव ठेवलंय. निमो.