वाकून बघ

ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. शाळेत असताना मी "आमचे पप्पा घोडा चालवतात" म्हणाले होते, तेव्हा सगळा वर्ग हसला होता. नंतर मी "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत" एवढंच सांगायला लागले.

मागच्या सेमीट्रेलरला पुढे चाकंच नसतात. त्याचं पुढचं ओझं घोड्याच्या पाठीवर टेकतं. घोडा काढून घेतला की तो आपल्या दोन लोखंडी पायांवर उभा राहतो. दोघांना धरून ठेवते ती एक पिन, किंगपिन. बहुतेक ट्रेलरची ही पिन 2 इंच जाड असते. वर भरलेला 40 फुटी कंटेनर असला तरी तेवढीच. घोड्याच्या पाठीवर ग्रीस फासलेली मोठी लोखंडी थाळी असते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात. घोडा मागे नेला की पिन थाळीच्या खाचेत शिरते आणि आतले जबडे तिची मान पकडतात. (इंग्रजीत अशा जोडगाडीला आर्टिक्युलेटेड म्हणतात. आमच्या वर्गात जो फाडफाड बोलतो त्याला आर्टिक्युलेट म्हणतात.)

पप्पांचं जोडणं बघायला पेशन्स लागतो. आधी ट्रेलरच्या चाकांना लाकडी ठोकळे. मग उंची: ट्रेलरचं तोंड थाळीपेक्षा किंचित खाली हवं, म्हणजे घोडा आत शिरताना त्याला थोडं उचलून घेतो. घोडा आत गेला की पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढून बघायचं, पिन सुटते का. मग उतरून, बॅटरी घेऊन, खाली वाकून बघायचं. त्यानंतरच हवेचे पाईप, लाईटची केबल, आणि सगळ्यात शेवटी पाय वर. मग टायर, नट, दिवे. या सगळ्यात अर्धा तास जातो. मी लहानपणी कंटाळून केबिनमध्ये झोपायचे.

गेल्या 24 डिसेंबरची गोष्ट. बेळगावबाहेरच्या एका यार्डात दोन दिवस उभा असलेला भरलेला ट्रेलर पप्पांना जवळच्या गोदामात लावायचा होता. मी स्कूटर घेऊन त्यांना आणायला गेले होते. साडेदहाला कॅरल्स, मग मिस्सा, आणि मी क्वायरमध्ये. साडेनऊ वाजले होते. पप्पांचा गुडघा त्या आठवड्यात सुजला होता. ते म्हणाले, "आज तू बघ गं. उंची बघ, आणि आत गेलं की लॉक बघ."

मी उंची लांबूनच बघितली. अंधार होता, नवा ड्रेस होता, खाली ग्रीस आणि चिखल. घोडा आत गेला, "खट्ट" असा आवाज आला. मी ओरडले, "लागलं, पप्पा!" त्यांनी पुढे ओढून बघितलं. ट्रेलर हलला नाही. मी म्हटलं, "बघा, लागलंय. चला की आता."

पप्पा उतरले. गुडघा धरत धरत खाली बसले आणि बॅटरी मारली. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "इकडे ये. वाकून बघ."

थाळी आणि ट्रेलर यांच्यामध्ये फट होती. बोट जाईल एवढी. आधीच्या कुणीतरी ट्रेलर सोडताना पाय जास्त उंच ठेवले होते, त्यामुळे पिन जबड्यात न जाता वरच अडकून बसली होती. ओढून बघताना ती तेवढ्यापुरती धरून राहिली. पाय वर घेऊन आम्ही निघालो असतो, तर पहिल्या खड्ड्यात नाहीतर वळणावर ट्रेलर सुटून तोंडावर आपटला असता. हवेचा पाईप तुटला की मागचे ब्रेक आपोआप लागतात, हे खरं. पण पुढे चाकंच नसतात, तिथे कोण काय थांबवणार? आणि त्या रस्त्याने नाताळची खरेदी करून लोक स्कूटरवरून परतत होते.

पप्पांनी घोडा बाहेर काढला, पाय फिरवून ट्रेलर खाली घेतला आणि परत जोडला. यावेळी मीही चिखलात गुडघे टेकले. फट नव्हती. जबडे पिनेच्या मानेमागे बंद झालेले दिसले, हँडल पूर्ण आत गेलेलं.

ते मला एक शब्दही रागावले नाहीत. त्यामुळेच ते जास्त लागलं. मी "बघितलं नाही" म्हणाले असते तर त्यांनी स्वतः बघितलं असतं, एवढंच. पण मी "लागलं" म्हणाले. दोन दिवसांपूर्वीच कन्फेशन करून आले होते, आणि फादरना सांगायला मला काही मोठं सुचलं नव्हतं.

कॅरल्स चुकल्या. ग्लोरियाला पोचलो. ड्रेसचा डाग अजून गेलेला नाही.

एक सांगून ठेवते, स्कूटर चालवणाऱ्यांसाठी: ट्रेलर वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतल्या बाजूला कापत येतात. तो डावीकडे वळत असेल तर त्याच्या डावीकडच्या मोकळ्या जागेत घुसू नका. ती जागा थोड्याच वेळात राहणार नसते, आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नसता.

फेब्रुवारीत पुन्हा एकदा यार्डात गेले. पप्पांचा गुडघा आता बरा आहे, तरी त्यांनी मलाच सांगितलं. खाली वाकले तर माझ्याच सावलीत काही दिसेना. केबिनमधून हाक आली, "लागलं काय गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "बॅटरी द्या."