सालीचे कवच

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस थळ हे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील किनाऱ्यावर उभे राहिले, म्हणजे समोर खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग दिसतात. अशा कोळी वस्तीच्या गावी आज जी जाळी वाळत घातलेली आढळतात, ती बहुधा नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांची असतात. पूर्वी कोकण किनाऱ्यावरील जाळ्यांचा रंग तांबूस-तपकिरी असे. तो शोभेसाठी दिलेला नव्हता. त्या रंगातच जाळ्याचे आयुष्य साठवलेले होते.

त्या काळी जाळी सणाच्या व कापसाच्या सुताची विणीत. हे तंतू वनस्पतींचे. त्यांतील मुख्य द्रव्य सेल्युलोज. समुद्राच्या पाण्यातील असंख्य सूक्ष्म जंतूंना ते भक्ष्यच होय. नेहमी भिजणारे कोरे सूत काही आठवड्यांतच कुजू लागे. वरून धड दिसणारे जाळे मासळीच्या भाराने अवचित फाटे आणि कित्येक दिवसांच्या श्रमाचे फळ क्षणात समुद्रात परत जाई. जाळे गेले, म्हणजे घरातील चूल अडचणीत आली.

या संकटावरचा उपाय कोळ्यांना समुद्रात नव्हे, तर डोंगरात सापडला. कोकणच्या रानात ऐन नावाचा उंच वृक्ष वाढतो. त्याची साल जाड आणि सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. ही साल पाण्यात उकळून तिचा गडद काढा करीत. त्यात जाळी बुडवून ठेवीत आणि मग ती उन्हात वाळवीत. सालीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. ते तंतूंना चिकटून बसते आणि कुजविणाऱ्या जंतूंची वाढ रोखते. कातडी कमावण्यासही हेच द्रव्य उपयोगी पडते. वृक्ष ते निर्माण करतो, ते स्वतःच्या रक्षणासाठी. झाडाचे कवच असे जाळ्याचेही कवच झाले.

परंतु हे कवच कायमचे नसे. खारे पाणी टॅनिन हळूहळू धुऊन नेई. म्हणून पुन्हा काढा, पुन्हा बुडविणे, पुन्हा वाळविणे असा क्रम चालू ठेवावा लागे. युरोपातील कोळीही ओकच्या सालीने आपली जाळी व शिडे रंगवीत. एकोणिसाव्या शतकात भारत व ब्रह्मदेशातील खैराचा कात जहाजांतून तिकडे जाऊ लागला आणि तोही याच कामी आला. पुढे भारतात 1957 साली कोचीन येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. सुती जाळी अधिक टिकावीत, म्हणून तेथेही संशोधन झाले.

तोवर नवा धागा जन्मास आला होता. 1935 साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन तयार केले. हा धागा हलका, बळकट आणि न कुजणारा. तो भारताच्या किनाऱ्यावर रुळला आणि काढ्याची भांडी थंड झाली. कोळ्यांचे फार मोठे कष्ट वाचले, यात शंका नाही.

तथापि प्रत्येक गुणाला त्याची दुसरी बाजू असते. समुद्रात हरवलेले सुती जाळे काही काळाने कुजून नाहीसे होई. हरवलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे तळाशी राहते. ते ओढणारा कोणी नसतो, तरी त्यात मासे आणि कासवे अडकून मरतात. जाळे टिकावे कसे, ही पूर्वीच्या कोळ्यांची चिंता होती. जाळे हरवू नये आणि त्याचे तुकडेही समुद्रात पडू नयेत, ही आजची चिंता आहे. धागा बदलला, परंतु जाळ्याची काळजी घेण्याचे कर्तव्य संपले नाही. ज्या समुद्राने पोट भरते, त्याची राखण त्या कर्तव्यातच येते.