वाटेवरचें गांव

जुन्नर हें माझें गांव. सह्याद्रीच्या कुशींत, शिवनेरीच्या पायथ्याशीं वसलेलें, लहानच. पुण्यास शिकावयास गेलों तेव्हां मला या लहानपणाची लाज वाटे. दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून येथें येई. व्यापाऱ्यांच्या व गृहस्थांच्या दानांतून भोंवतालच्या डोंगरांत दोनशेंवर लेणीं कोरलीं गेलीं. १६३० सालीं शिवराय जन्मले ते येथेंच. एवढें असून गांव वाढलें कां नाहीं? एकदां मी अण्णांना तोडून विचारलें, "सारें आपल्या दारावरून गेलें; आपल्याकडे राहिलें काय?" अण्णा कांहीं बोलले नाहींत.

त्यांना जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. खालीं येडगांवास आमचें थोडें शेत आहे. तेथें १९७७ सालीं पूर्ण झालेल्या धरणांतून कुकडीचें पाणी पारनेर, श्रीगोंदें, कर्जतकडे जातें. उन्हाळ्यांत कालवा सुटला कीं जलाशय उतरतो आणि गांवांत कुरकुर सुरू होते. तींत माझाही सूर असतो. उभें पीक सुकतांना औदार्य सुचत नाहीं.

परवां बांधावर श्रीगोंद्याकडचे एक म्हातारे शेतकरी भेटले. वाहत्या कालव्याकडे बोट दाखवून म्हणाले, "दादा, आमचीं लिंबं तुमच्या नदीवर जगलीं."

मला उत्तर सुचलें नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांत मी पुन्हां कुरकुरेन, हें मला ठाऊक आहे. पण अण्णांना तो प्रश्न मीं विचारावयास नको होता.