क्लच कोण दाबतंय?

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार. डार्बी

दीड महिन्यानं आज गाडीवरचं कव्हर काढलं. किल्ली फिरवली, स्क्रीन उजळला, बटण दाबलं. आतून नुसतं टक् टक् टक् आलं आणि सगळं विझलं. बॅटरी बसली होती. चूक माझीच. डिसेंबरात चार्जर लावून ठेवायचा होता, तो पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेला.

शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, ढकलू का? फार भला माणूस आहे, पंचाहत्तरीला आलाय तरी बाह्या सरसावून तयार. त्यांना समजावून सांगावं लागलं की ही गाडी धक्क्यानं चालू होणारच नाही. इंजिन बंद असलं की हिचे दोन्ही क्लच सुटलेले असतात. ते दाबून धरायला तेलाचा दाब लागतो, आणि तो दाब यायला आधी इंजिन फिरावं लागतं. म्हणजे मॅटलॉकपर्यंत ढकलत नेली तरी मागचं चाक आपलं मोकळंच फिरत राहणार.

व्होल्टमीटरवर ११.४ दिसले. चार्जरचे चिमटे लावून घरात आले. या गाडीत सगळ्यांत आधी काय सांभाळायचं, तर बॅटरी. आमच्या जुन्या गाड्यांना उताराचा तरी आधार असायचा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कराडहून आण्णांचा फोन. गाडी सप्टेंबरात घेतली तेव्हापासून ते एकच विचारतायत, आज पुन्हा विचारलं, "गिअर नाही म्हणतेस, मग क्लच कोण दाबतंय?"

"तेल दाबतं, आण्णा."

"तेल?"

मग नीट सांगितलं. होंडाची एनटी ११००. १०८४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, वजन २४८ किलो. गिअर आहेत, चांगले सहा आहेत, पण ते पाडायला पायाशी खटका नाही आणि हाताशी क्लच नाही. आत एकात एक घातलेले दोन दांडे. एक, तीन आणि पाच नंबरचे गिअर एका दांड्यावर, दोन, चार, सहा दुसऱ्यावर. प्रत्येक दांड्याला आपापला क्लच. तिसऱ्यात गाडी पळत असताना चौथा आधीच तयार बसलेला असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो, मधे ओढ तुटत नाही. होंडानं ही व्यवस्था मोटारसायकलवर पहिल्यांदा २०१० च्या व्हीएफआर १२००एफला दिली.

आण्णा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाले, "आपल्या येझदीला पण होतं की हे. अर्धं."

खरंच होतं. मी विसरूनच गेले होते. येझदीची किक तीच गिअरची दांडी. किक मारायची, दांडी पुढे वळवायची की झाला गिअर. आणि ती दांडी पायानं दाबली की क्लच आतल्या आत सुटायचा, हातानं दाबला नाही तरी चालायचं. कुंभार्ली घाटातून चिपळूणला मामाकडे जाताना मी टाकीवर बसायचे, सहा-सात वर्षांची. आण्णांचा उजवा हात रेसवर आणि डावा माझ्या पोटाभोवती. त्यांचा डावा हात मोकळा कसा राहायचा, हा प्रश्न मला आजवर कधी पडलाच नव्हता.

शेवटी नेहमीचं. "ॲव्हरेज किती देते?" लिटरला वीस, म्हटलं. टाकी २०.४ लिटरची. "बरं आहे," म्हणाले.

८ मार्च, शनिवार

आजचा दिवस रागात गेला. लिहून मोकळी होते.

गेल्या ऑक्टोबरात एका गॅरेजला सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. आज बिल पुन्हा वाचताना लक्षात आलं, त्यात फिल्टर एकच आहे. या गाडीला दोन लागतात. एक इंजिन ऑइलचा, डब्यासारखा, सगळ्यांना माहीत असलेला. दुसरा क्लचचा. तो लहान असतो आणि उजव्या अंगाला एका छोट्या झाकणाआड बसतो. इंजिनाला आणि क्लचला तेल एकच, पण क्लचकडे जाणारं तेल या दुसऱ्या फिल्टरमधून गाळून जातं. मॅन्युअलमध्ये दोघांची नोंद वेगवेगळी आहे.

झाकणापुढे उकिडवी बसले. बोल्टांच्या डोक्यांभोवती मिठाची पांढरी बुरशी चढलेली, अखंड. हिवाळ्यात इथे बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, ते अशा खोबणीत जाऊन बसतं. पाना लागला असता तर ती बुरशी तुटलीच असती. म्हणजे गाडी कारखान्यातून निघाल्यापासून हे झाकण कोणी उघडलेलंच नाही.

उघडलं. खाली ट्रे धरला होता तरी कोपरापर्यंत तेल आलं. फिल्टर बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवला. कागदाच्या घड्या काळ्याभोर. एका घडीत नख फिरवून बोट फडक्याला पुसलं, तर काजळासारखी बारीक पूड. ही क्लच प्लेटांची झीज. तिच्यात वावगं काही नाही, प्लेटा झिजायच्याच. पण ती अडवणाऱ्या फिल्टरला तीन वर्षं कोणी विचारलं नाही, हे मला सोसत नाही. तेलाच्या दाबावर माझा क्लच चालतो. साध्या गाडीत क्लच बिघडायला लागला की डाव्या हाताला आधी कळतं, तो घसरतो, जड होतो. इथे माझ्या हाताला काहीच कळणार नाही. म्हणून इथलं तेल स्वच्छ असायलाच हवं.

गॅरेजला फोन केला. क्लचचा फिल्टर या सर्व्हिसिंगमध्ये धरलेला नव्हता, असं उत्तर मिळालं. मग विचारायचं होतं ना, एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

नवा फिल्टर बसवताना तीनदा तपासलं. त्याची एक बाजू बाहेरची म्हणून ठरलेली असते, उलटा बसवून चालत नाही. नवी ओ-रिंग, तिला तेलाचं बोट, झाकण, टॉर्क पाना. इंजिन चालू करून दहा मिनिटं टॉर्च मारत बसले. थेंबही नाही.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

आजच पहाटे इथली घड्याळंही एक तास पुढे गेली. गुढी उभारली, श्रीखंड केलं, आणि दुपारी गाडी सेंटर स्टँडवर घेऊन चेन धुतली. इथे रॉकेलला पॅराफिन म्हणतात. बाटली उघडली की आजीचा स्टोव्ह आठवतो. ब्रशनं एकेक कडी घासली, पुसली, वाळू दिली, मग आतल्या बाजूनं तेल सोडलं. चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू करून, डी म्हणजे गिअर टाकायचं बटण दाबून चाक फिरवत चेन पुसणारे लोक मी पाहिलेत. त्यांची बोटं शाबूत आहेत हे त्यांचं नशीब.

१२ एप्रिल, शनिवार

गाडीला तीन वर्षं होतायत, म्हणून पहिली एमओटी, म्हणजे गाडीची इथली सक्तीची तपासणी. पास. मागच्या टायरचा मधला पट्टा चपटा होत आलाय, एवढा शेरा. कायद्याला एक मिलिमीटर पुरतो, मला पुरत नाही. टायर मागवला.

२७ एप्रिल, रविवार

गाडी पडली.

स्नेक पासच्या रस्त्यावर, लेडीबाउअरच्या पुढे, थर्मासमधला चहा प्यायला थांबले होते. जागा किंचित उताराची. इंजिन बंद केलं, साइड स्टँड लावला, उतरले, हेल्मेट काढलं. मागे वळून पाहते तर गाडी स्टँडवरून हळूच पुढे सरकतेय. पोचेपर्यंत स्टँड मिटला आणि ती डाव्या अंगावर गेली.

बावीस वर्षं गाडी चालवतेय. उतारावर लावताना पहिल्या गिअरमध्ये सोडायची, हे हातापायात भिनलंय. पण हिला गिअरमध्ये सोडताच येत नाही. बंद झाली की ती न्यूट्रलच. म्हणून तर डाव्या मुठीजवळ पार्किंग ब्रेकचा दांडा दिलाय, मागच्या चाकाला त्याचा स्वतंत्र कॅलिपर आहे. तो ओढायचा राहिला. सहा महिने रोज ओढतेय, आज राहिला.

उचलताना आधी तोच ओढला, नाहीतर उचलता उचलता ती पुन्हा सरकली असती. मग सीटला पाठ लावली, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची पकड, गुडघे वाकवून उलट्या पावलांनी ढकलत गेले. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, डोळ्यांत पाणी आलं, पण गाडी उभी राहिली. डाव्या पेटीला तळहाताएवढा ओरखडा, आरसा ढिला. बाकी काही नाही.

या अंगठ्यासाठीच ही गाडी घेतली. मुळाचा सांधा झिजलाय. गेल्या उन्हाळ्यात आधीच्या गाडीवर बक्स्टनच्या रहदारीत तिसऱ्या सिग्नलला क्लच दाबवेना. डॉक्टर म्हणाले, मोटारसायकल सोडा. मी क्लच सोडला.

संध्याकाळी पार्किंग ब्रेकच्या दांड्याला लाल दोरा बांधला, जत्रेतून आणतो तसा.

१७ मे, शनिवार

सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये पहाटे साडेपाचला दीड तास. स्कॉटलंडच्या सफरीआधी हे हवंच होतं. दोन्ही पेट्या भरलेल्या, एकीत पाण्याच्या बाटल्या, दुसरीत तांदळाच्या पिशव्या.

हळू वळवणं हेच या गाडीवर नव्यानं शिकावं लागतं. साध्या गाडीवर अर्धा क्लच धरून गाडी तोलत वळवतो. इथे अर्धा क्लच माझ्या हातात नाही. रेस सोडली की तो सुटतो आणि ऐन वळणात गाडी मोकळी पडते. म्हणून रेस अगदी जराशी पण एकसारखी ठेवायची, आणि वेग उजव्या पायानं, मागच्या ब्रेकनं कमी-जास्त करायचा. माझा डावा हात जे बावीस वर्षं करत होता ते उजव्या पायाला शिकवायचं. पाय मंद विद्यार्थी आहे. विसाव्या फेरीला मात्र दोन पार्किंगच्या रुंदीत पूर्ण वळली, पाय न टेकवता.

कामावरची एक मुलगी बघायला आली होती, तिलाही शिकायचंय. तिला सांगितलं, परीक्षा गिअरच्या गाडीवर दे. इथे ऑटोमॅटिकवर पास झालीस तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं.

९ जुलै, बुधवार. ॲपलक्रॉस

बॅलख ना बा. गेलिक भाषेत याचा अर्थ गुरांची खिंड. समुद्राच्या पातळीपासून ६२६ मीटर, आणि रस्ता एकाच गाडीचा. समोरून कोणी आलं की जवळच्या रुंद जागेत थांबायचं. खाली पाटीच लावलीय, नवशिक्यांनी जाऊ नये म्हणून.

डी मध्ये ठेवलं तर गाडी चढाला फार लवकर वरचा गिअर टाकते आणि मग कण्हते. स्पोर्टच्या एस दोनमध्ये बरी. पण केसपिनीसारख्या वळणांना मी मॅन्युअल घेतलं. तर्जनीनं वरचा, अंगठ्यानं खालचा, बटण हलकं आहे, अंगठ्याला सोसतं. माझी गाडी २०२२ ची, तिला आपण किती कललोय याचं भान नाही, ती भर वळणात गिअर बदलू शकते. २०२५ च्या मॉडेलला तो सेन्सर आलाय. माझ्या गाडीत ते भान मी ठेवायचं.

वरून दुसऱ्या वळणात एक कॅम्परव्हॅन उतरत आली आणि मला भर चढावर, वळणाच्या आतल्या बाजूला थांबावं लागलं. तिथला चढ पाचास एक असेल. डावा पाय टेकला, उजवा मागच्या ब्रेकवर. व्हॅनवालं जोडपं हात जोडून माफी मागत होतं. ती गेली. रेस हळूच दिली, क्लचनं धरलं तसं मागचं अंग किंचित दबलं, ब्रेक सोडला, आणि गाडी वर चढली. डावा हात नुसता मुठीवर होता.

वर गार वारा, धुकं, पलीकडे स्काय बेट दिसेनासं झालेलं. पार्किंग ब्रेक ओढला, दोऱ्याला हात लावून पाहिला. आण्णांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "कुंभार्लीसारखंच की. झाडं नाहीत."

रात्री पावसात, कौलाखाली, चेनला तेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

काल लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून झेंडू आणला. पहाटे गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, हार घातला. स्नेक पासचा ओरखडाही एक आहे आता, तो कसा आला ते आण्णांना सांगितलेलं नाही.

व्हिडिओवर ते आधीच तयार बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा, मागे भिंतीवर येझदीचा फोटो. "आवाज ऐकव," म्हणाले. मी बटण दाबलं. इंजिन लागलं.

"आता तो डी दाबते, थांबा."

"लगेच नको. थंड आहे. तेल चढू दे."

फोन इंजिनाजवळ धरून उभी राहिले. ते तिकडे मान किंचित तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होते. दोन मिनिटं आम्ही कोणीच काही बोललो नाही. आवाज हळूहळू बसला.

"दाब आता."

दाबलं. आत कुठेतरी खट् झालं.

"पडला बघ पहिला," आण्णा म्हणाले.