वाळूच्या पट्टीवरचं गाव

तारकर्लीहून दक्षिणेला निघालं की दोन्ही बाजूंचं पाणी जवळजवळ येऊ लागतं. उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर, माडांच्या सावलीत, देवबाग. आषाढातलं उधाण इथली वाळू ओढून नेतं. दसरा-दिवाळीनंतर निवळलेल्या लाटा ती परत आणून घालतात. सगळी नाही. कधी कमी, कधी भलतीकडेच. संगमाजवळची पुळण तर मला कधी मागच्या वर्षीसारखी दिसलीच नाही.

या गावाचा मला लळा आहे, म्हणून इथल्या निर्णयांची काळजी वाटते. ज्याच्या अंगणात लाट शिरते, त्याने दगडी बंधारा मागावा हे रास्तच आहे. पण बंधाऱ्यावर आपटून फिरलेली लाट पायथ्याची वाळू खरवडते आणि बंधारा संपतो तिथल्या शेजाऱ्याच्या वाट्याला जास्त धूप येते. शिवाय रापणीच्या मासेमारीला मोकळी पुळण लागते. दोन्ही टोकांना माणसं उभी राहून जाळं किनाऱ्यावर ओढतात. दगडांच्या राशीवरून ते कसं ओढायचं?

समुद्र किती चढेल, याचा एकच एक आकडा कुणाकडे नाही. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार शतकाअखेरची वाढ उत्सर्जन फार कमी राहिलं तर 28 सेंटिमीटरवरही थांबू शकते, बेसुमार वाढलं तर मीटरभर होऊ शकते. बर्फाचे थर वेगाने ढासळले, तर दोन मीटरसुद्धा अशक्य नाहीत. देवबागचं उद्याचं सगळं जगणं या आकड्यांच्या मधे अडकलेलं आहे. आणि अशा वेळी 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांपुरतं ना-विकास क्षेत्र 200 मीटरवरून 50 मीटरवर आणलं! मला तो निर्णय घाईचा वाटतो.

नक्की काही कळत नाही म्हणून स्वस्थ बसून चालणार नाही. जे उद्या बदलता येईल, ते आज आधी करावं. नवी घरं, नवी हॉटेलं मागे सरकवावीत, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटू नये. दगड टाकावाच लागला तर घर खरोखर धोक्यात असेल तिथेच टाकावा, आणि त्याचा फेरविचार कधी करायचा ते मंजुरीच्या कागदातच लिहावं.

माझं मागणं एवढंच आहे: दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर पुळण मोजा, ती मोजणी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि मगच पुढच्या बंधाऱ्याचा ठराव मांडा.