वाट पाहणाऱ्याचे ताट

मुंबईहून मालवण सुमारे ५०० किलोमीटर. गेल्या मार्गशीर्षात हे अंतर मी मोटारसायकलवरून, एकट्याने, एका दिवसात कापले. पहाटे निघालो. कशेडी ओलांडली, चिपळूणला वाशिष्ठी, राजापूरला अर्जुना मागे पडली. खारेपाटणला सिंधुदुर्ग जिल्हा लागला तेव्हा ऊन कलले होते. दर दोन तासांनी थांबून पाणी पीत होतो. कारण वाऱ्यात घाम अंगावरच वाळतो आणि तहान उशिरा कळते.

कसालला महामार्ग सोडून मालवणच्या रस्त्याला वळलो. ‘आता आलेच घर’ या भरवशावर थांबणे टाळले आणि तिथेच क्षणभर डोळा लागला. कशीबशी गाडी सावरली, उतरलो आणि आंब्याखाली अर्धा तास पडून राहिलो.

दिवेलागणीला घरी पोहोचलो. आई खळ्यात बसली होती. माझ्यासोबत जेवायचे म्हणून ती दुपारपासून उपाशी होती. मधुमेहाची गोळी मात्र वेळेवर घेतलेली! तिचे हात थरथरत होते, कपाळ घामाने भिजले होते. साखरपाणी पाजल्यावर ती हळूहळू सावरली. रक्तातील साखर उतरल्याचीच ती लक्षणे होती.

‘जपून ये’ असे तिने मला बजावले होते. ‘तू जेवून घे’ हे सांगायचे मी विसरलो होतो.

आपले माणूस वाटेवर असेल, तेव्हा त्याचे पान झाकून ठेवावे; आपले मात्र वेळेवर वाढून घ्यावे. सुखरूप भेटीसाठी दोघांनीही जपायला हवे.